प्रक्षेपणातील प्रक्षेप : पडद्यावरील परका मजकूर आणि चित्रपटाची संहिता

'प्रक्षेप' आणि 'प्रक्षेपण' हे दोन्ही शब्द एकाच धातूचे. परंतु मराठीत त्यांचा संसार निरनिराळ्या घरांत झाला. पहिला पाठचिकित्सकांच्या घरी गेला आणि 'ग्रंथात मागाहून कोणी घुसडलेला मजकूर' असा काहीसा बदलौकिकाचा अर्थ त्याला चिकटला. दुसरा चित्रपटगृहाच्या यंत्रघरात रुजला व पडद्यावर प्रकाशचित्र टाकण्याच्या क्रियेचे सरळ नाव झाला. चित्रपटाची फीत जाऊन तिच्या जागी संगणकीय संचिका आल्यापासून हे दोन शब्द पुन्हा समोरासमोर उभे राहिले आहेत. आज पडद्यावर जे प्रक्षेपित होते त्यात दिग्दर्शकाने न योजिलेला मजकूर पुष्कळ असतो. तंबाखूविषयीचा इशारा, परभाषेतील उपशीर्षके, मध्यंतराची पाटी, संगणकाने निर्माण केलेल्या प्राण्याशेजारी कोपऱ्यात उमटणारी आद्याक्षरे, आणि जुना चित्रपट दूरचित्रवाणीवरून उतरवून घेतलेला असल्यास वाहिनीचे चिन्ह, असा हा परिवार आहे. त्याचे काय करावे, हा प्रश्न यंत्रचालकाचा समजला जातो. वस्तुतः तो संहितेचा प्रश्न आहे; आणि मराठीत संहितेचा प्रश्न निघाला की मावळाकडे पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

तुकोबांच्या गाथेचा इतिहास हा बव्हंशी मावळाचा व त्याच्या सीमेवरील गावांचा इतिहास आहे. भंडाऱ्याचा डोंगर मावळात, देहू त्याच्या पायथ्याच्या परिसरात, संताजी जगनाड्यांची समाधी सुदुंबऱ्यास. विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली जी आवृत्ती इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली दोन खंडांत निघाली, तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील पोथ्या ताडून पाहण्यात आल्या होत्या. एका पोथीत आहे व दुसऱ्या पोथीत नाही असे अभंग आढळले की ते तुकोबांचे की मागाहून कोणी 'तुका म्हणे' घालून रचलेले, हा वाद उभा राही. तो आजही मिटलेला नाही, आणि मिटला नाही हेच एका अर्थी सुदैव. कारण पाठभेद नोंदवून ठेवल्यामुळे वाद करावयास साधन तरी उरले.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिने या बाबतीत अधिक काटेकोर दंडक घालून दिला. वि. स. सुखटणकरांच्या संपादनाखाली आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. प्रक्षिप्त ठरलेले श्लोक त्यांनी संहितेतून बाजूला काढले, पण फेकून दिले नाहीत. लहान असतील ते तारांकित करून पानाच्या तळाशी व मोठे असतील ते परिशिष्टात, कोणत्या पोथ्यांत आढळतात त्या निर्देशासह, त्यांनी छापले. वाचकाला संहिता निखळ मिळाली आणि प्रक्षेपही मिळाला. दोहोंची सरमिसळ तेवढी टळली. प्रक्षेपाशी वागण्याची याहून समंजस रीत आजवर कोणास सुचलेली दिसत नाही. डिजिटल प्रक्षेपणात हीच रीत यंत्राच्या रचनेतच उतरलेली आहे, आणि व्यवहारात मात्र ती वारंवार मोडली जाते.

रचना अशी आहे. चित्रपटगृहात येणाऱ्या ज्या संचिकासमूहाला धंद्यात डीसीपी म्हणतात, त्याचे नियम हॉलिवूडच्या सात मोठ्या निर्मितिसंस्थांनी २००२ साली स्थापन केलेल्या मंडळाने २००५ साली प्रसिद्ध केले. त्यात चित्र एका संचिकेत, ध्वनी दुसऱ्या संचिकेत आणि उपशीर्षके तिसऱ्या संचिकेत असतात. चित्रसंचिकेतील प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे संकुचित केलेली असते. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटात अशा १,७२,८०० चौकटी होतात. कोणत्या संचिकेतील कोणत्या चौकटीपासून किती चौकटी, कोणत्या ध्वनीसह व कोणत्या उपशीर्षकांसह दाखवाव्यात हे सांगणारी एक अनुक्रमणिका सोबत असते. मूळ पाठ एकच ठेवून त्यावर दुसऱ्या भाषेची उपशीर्षके जोडावयाची झाल्यास चित्राला हात न लावता केवळ नवी अनुक्रमणिका व नवी उपशीर्षके पाठवता येतात. सुखटणकरांच्या पानाशी याचे साम्य उघड आहे. वर संहिता, खाली टीपा, आणि दोहोंमध्ये एक रेघ.

ही रेघ ज्या मजकुराने पुसली जाते तोच खरा प्रक्षेप. अक्षरे चित्राच्या चौकटीतच मुरवली की त्यांच्याखालचे चित्र नाहीसे होते. ते झाकलेले नसते, नसतेच. पोथीच्या समासात लिहिलेली टीप आणि नकलकाराने ओळीतच मिसळून टाकलेली टीप यांत जो फरक, तोच येथे आहे. यंत्रचालकाने चित्रपटगृहात कोणताही उपाय केला तरी तो या दुसऱ्या प्रकाराला लागू पडत नाही, कारण त्याच्या हाती आलेली प्रत हीच मूळ प्रतीपेक्षा दरिद्री असते.

तंबाखूच्या इशाऱ्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २००५ साली केंद्र सरकारने चित्रपटांतील धूम्रपानाच्या दृश्यांवरच बंदी घालणारे नियम केले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ते रद्द ठरविले. मग २०११ व २०१२ सालच्या नियमांनी दृश्ये राहू दिली, पण त्यांच्यावर भार चढविला. आरंभी व मध्यंतरानंतर निदान तीस सेकंदांचा आरोग्यसंदेश, निदान वीस सेकंदांचे दृक्‌श्राव्य निवेदन, आणि तंबाखूचा पदार्थ दिसेल तितका वेळ पडद्याच्या तळाशी स्थिर इशारा, असा हा भार आहे. २०१३ साली वुडी ॲलन यांनी अशा इशाऱ्यांसह आपला 'ब्लू जास्मिन' भारतात प्रदर्शित होऊ देण्यास नकार दिला. २०१६ साली श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दृश्यावरील इशाऱ्याऐवजी आरंभीच एक अर्थपूर्ण निवेदन दाखवावे असे सुचविले. ते मान्य झाले नाही. उलट २०२३ साली हे बंधन आंतरजालावरील चित्रपटसेवांनाही लागू करण्यात आले.

या नियमावर कलेच्या नावाने पुष्कळ टीका झाली आहे. तिच्यात तथ्य आहे, पण ती नेमकी नाही. तंबाखूने माणसे मरतात, आणि शासनाला हे सांगण्याचा अधिकार आहे; त्यात कलावंताचा मान थोडा दुखावला तर ती किंमत फार नव्हे. टीकेचा रोख नियमातील दोन भिन्न गोष्टींमधील भेदाकडे हवा होता. तीस सेकंदांचा संदेश हा स्वतंत्र तुकडा आहे. अनुक्रमणिकेत तो चित्रपटाच्या आधी जोडला काय किंवा मध्यंतरानंतर जोडला काय, चित्रपटाची एकही चौकट बदलत नाही. उद्या नियम पालटला तर तो काढून ठेवता येतो. स्थिर इशारा मात्र चौकटीत मुरवला जातो. नियमाचा हेतू तेवढ्याच काटेकोरपणे साधून इशारा उपशीर्षकांप्रमाणे स्वतंत्र संचिकेतून देता आला असता. नियमाने तसे करण्यास मज्जाव केला आहे असे नव्हे, तसे करा असे म्हटले नाही, इतकेच. आणि मुरवणे हे निर्मात्याला सोपे पडते.

इशाऱ्याची भाषा हा आणखी एक विषय. नियमाप्रमाणे इशारा चित्रपटाच्या भाषेत हवा, आणि चित्रपटाला उपशीर्षके असतील किंवा तो दुसऱ्या भाषेत ध्वनिमुद्रित केलेला असेल तर त्या भाषेत. तरतूद रास्त आहे. परंतु 'धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे' हे मराठी वाक्य नाणे मावळातल्या किंवा अंदर मावळातल्या कोणा माणसाच्या तोंडी येईल, असे म्हणणे धाडसाचे होईल. तो विडी ओढतो, तंबाखू मळतो, चुना लावतो; धूम्रपान करीत नाही. महाराष्ट्रात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे अधिक. अशा प्रेक्षकापुढे नायकाच्या सिगारेटीखाली तत्सम शब्दांची एक ओळ येते, ती तो वाचत नाही, आणि ज्याच्यासाठी चित्राचा तळ खर्ची पडला तो बोध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. चित्राचे नुकसान झाले आणि आरोग्याचा लाभही झाला नाही, अशी ही दुहेरी हानी आहे.

उपशीर्षकांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि 'नकोसा मजकूर' हा शब्दप्रयोग येथेच अडखळतो. मराठीत 'नको' हे क्रियापद कर्त्याला चतुर्थीत बसवते: मला नको, त्याला नको. नुसते 'नको' म्हणून वाक्य पुरे होत नाही. कोणाला, हे संदर्भाने तरी कळावे लागते. लोणावळा हे मुंबई व पुणे यांच्या मधले गाव. तेथल्या रविवारच्या प्रेक्षकवर्गात खंडाळ्याच्या बंगल्यात उतरलेले गुजराती कुटुंब असू शकते, आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातील तमिळ किंवा पंजाबी नाविक असू शकतो, आणि भाजे-मळवलीकडून आलेला शेतकरीही असू शकतो. मराठी चित्रपटाखालची इंग्रजी उपशीर्षके पहिल्या दोघांना दार उघडून देतात. तिसऱ्याला ती केवळ पडद्यावरचा केर आहेत. उपशीर्षके स्वतंत्र संचिकेत असतील तर चित्रपटगृहाला खेळागणिक निवड करता येते: शनिवारी रात्री ती दाखवावीत, बुधवारी दुपारी दाखवू नयेत. मुरवलेली असतील तर प्रत्येक खेळात एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याची गैरसोय ठरलेली.

शिवाय मुरवलेले भाषांतर पुढे पाठ म्हणून वावरू लागते, आणि भाषेच्या अभ्यासकाला याची चिंता अधिक वाटावी. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ सालचा. त्यात मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी या चारही भाषा बोलल्या जातात आणि त्या बदलण्यातच कथेचा अर्धा अर्थ आहे. बचावाचा वकील घरी गुजराती बोलतो, न्यायालयातले मराठी त्याला अडते. साक्षीदाराचे मराठी बोलणे न्यायाधीश टंकलेखकाला इंग्रजीत सांगतात आणि त्या सांगण्यात माणूस मागे राहून फक्त प्रकरण उरते. इंग्रजी उपशीर्षकांत चारही भाषा एकाच पांढऱ्या अक्षरांत एकसारख्या होतात. ज्याला या भाषा कळत नाहीत त्याला ही हानी पत्करावीच लागेल, आणि चित्रपट मुळीच न कळण्यापेक्षा ती बरी. पण उपशीर्षके मुरवलेलीच प्रत जर पुढच्या पिढीच्या हाती उरली, तर मराठी जाणणारा प्रेक्षकसुद्धा डोळ्याने इंग्रजी वाचत राहील. डोळा अक्षरांकडे आपोआप जातो, कानाला मागे टाकून जातो. हा अनुभव कोणासही येईल. न्यायालयातील भाषाबदल ऐकू येऊनही जाणवणार नाही.

हाती आलेल्या प्रतीत परका मजकूर मुरलेलाच असेल तर यंत्रघरात सामान्यतः तीन उपाय केले जातात. पहिला झाकण्याचा. पडद्याच्या कडांचे काळे पडदे सरकवून किंवा यंत्रातच चौकट कापून तळाची ओळ दिसेनाशी करतात. त्यात ओळीबरोबर पात्रांचे पायही जातात, आणि मग तोल साधण्यासाठी वरून कापले की कपाळे जातात. दुसरा वगळण्याचा. अनुक्रमणिकेत आरंभीची चौकट पुढे सरकवून अनावश्यक भाग दाखवीत नाहीत. चित्रसंचिका यात अबाधित राहते, म्हणून हा उपाय सर्वांत सभ्य. परंतु तो केवळ स्वतंत्र तुकड्यांना लागू पडतो. शिवाय वितरकाने अनुक्रमणिका सांकेतिक स्वाक्षरीने मुद्रित केलेली असते आणि प्रत्येक संचिकेची अंकमुद्रा सोबतच्या यादीत नोंदलेली असते. एक अक्षर बदलले तरी यंत्र प्रत नाकारते. वैदिकांनी अनुक्रमण्यांत ऋचा व पदे मोजून ठेवली, त्यामागील सावधगिरी हीच होती. चित्रपटगृहाने प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटात परस्पर फेरफार करणे कायद्यालाही मान्य नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर गावोगावी नवे पाठ निर्माण होतील.

तिसरा उपाय पुसून काढण्याचा, आणि संगणकाच्या नव्या सामर्थ्यामुळे तो सध्या मोहक झाला आहे. आजूबाजूच्या व आगच्यामागच्या चौकटींवरून अक्षरांखाली काय असावे याचा अंदाज करून संगणक ती जागा भरून काढतो. भरलेली जागा डोळ्याला खरी वाटते. परंतु ती पाठ नव्हे, कल्पित पाठ आहे. पोथीचा संपादक गळलेले अक्षर तर्काने भरतो तेव्हा कंस घालतो; संगणकाने भरलेल्या चित्राला कंस नसतो. प्रक्षेप काढण्याच्या नावाने दुसरा, अधिक बेमालूम प्रक्षेप घातला जातो.

पुसण्याच्या या मोहाविरुद्ध कार्ल्याचे चैत्यगृह एक साक्ष देते. इसवी सनाच्या आरंभकाळातील या लेण्याच्या खांबांवर व भिंतींवर दात्यांनी आपापली नावे व गावे ब्राह्मी लिपीत कोरविली. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आणि धेनुकाकटचे यवन हे त्यांतले. कोणी त्या काळी तक्रार केली असती की खांबाच्या निखळ पृष्ठावर ही दात्यांची जाहिरात कशाला, तर तिला उत्तर देणे कठीण होते. पण याच लेण्यातील शिलालेखात 'मामाल' हे नाव येते आणि त्यात अभ्यासकांनी आजच्या मावळाचे पूर्वरूप पाहिले. पुढे काही शतकांनी दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या, त्यांच्यासाठी आधीच्या वेदिकापट्टीची नक्षी काही ठिकाणी तासली गेली. तोही प्रक्षेपच, आणि तो आज खरवडून काढावा असे कोणी म्हणणार नाही. तंबाखूचा इशारासुद्धा शंभर वर्षांनी एकविसाव्या शतकातील शासन आपल्या प्रजेशी कसे बोलत असे याचा पुरावा होईल. प्रश्न प्रक्षेप राखण्याचा नाही. दगडाला दुसरी प्रत नसते, म्हणून तेथे दोन्ही पाठ एकाच पृष्ठावर नांदतात. चित्रपटाला दुसरी प्रत ठेवता येते, आणि ती ठेवली जात नाही.

ती न ठेवल्याने काय होते, हे पुण्याला ठाऊक असावयास हवे. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांची भूमिका. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागून जुन्या मूळ फितींचा मोठा साठा जळाला. त्यानंतर जुन्या मराठी चित्रपटांच्या बाबतीत नकला व नकलांच्या नकला यांवरच बहुतांशी विसंबणे आले. अशा नकलांत रीळ संपताना उजव्या कोपऱ्यात क्षणभर चमकणारी वर्तुळे असतात. पहिले वर्तुळ अदमासे आठ सेकंद आधी, दुसरे एक सेकंद आधी. दुसरे यंत्र चालू करण्याची ती खूण. डिजिटल प्रत करताना ती पुसावीत की ठेवावीत यावर मतभेद आहेत. ती पोथीतील पत्रांकांसारखी आहेत. संहितेचा भाग नव्हेत, पण रीळ कोठे संपत होते हे त्यांवरूनच कळते. मूळ छायांकनाची प्रत तशीच राखून प्रदर्शनाच्या प्रतीतून ती काढली, तर दोन्ही हेतू साधतात.

याच चित्रपटाने उलट दिशेचाही एक प्रक्षेप घडविला. शांताराम आठवले यांनी त्यासाठी लिहिलेले बीज आणि वृक्ष यांचे गीत लोकांनी तुकोबांचेच मानले आणि अभंग म्हणून भजनांत गायले. आठवल्यांच्या प्रतिभेला याहून मोठी पावती कोणती? परंतु गाथा छापलेली होती, पोथ्या ताडलेल्या होत्या. म्हणून ते गीत गाथेत नाही हे सांगता येते. चित्रपटाची निखळ प्रत नसेल तर अशी शहानिशा करण्यास आधारच राहत नाही.

डिजिटल प्रतीत एक अदृश्य मजकूरही असतो, त्याचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. चोरून केलेले चित्रीकरण कोठे झाले हे शोधण्यासाठी प्रक्षेपणयंत्र दर खेळात चित्रामध्ये ३५ द्विमान अंकांची एक खूण मिसळते. तिच्यात यंत्राची ओळख आणि वेळ असते, वेळ पंधरा मिनिटांच्या अंतराने. डोळ्याला ती दिसत नाही. नकलकार पोथीच्या शेवटी 'अमुक शके, अमुक ग्रामी, अमुकाने लिहिले' अशी जी पुष्पिका लिहीत, तीच ही. हा मुरवलेला मजकूर कोणालाच नकोसा नाही, कारण तो कशाचीही जागा घेत नाही.

आता उरतो मराठीचा विशेष प्रश्न, आणि तो तंत्राच्या पुस्तकांत क्वचितच भेटतो.  रोमन अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द होतो. देवनागरीत ऱ्हस्व इकार उच्चाराने व्यंजनानंतरचा असूनही लेखनात त्याच्या आधी बसतो. 'क्ष', 'ज्ञ', 'स्त्र' यांसारखी जोडाक्षरे घटकांच्या बेरजेने सिद्ध होत नाहीत. 'र्‍या'मधला रकार एका रूपाने, 'र्य'मधला दुसऱ्याने. ही मांडणी करणारी व्यवस्था नसलेल्या यंत्रावर मराठी उपशीर्षके मोडक्या रूपात उमटतात, इकार भलत्याच अक्षराला चिकटतो, हलन्ताची रेघ उघडी पडते. यावर मार्ग आहे. प्रत्येक उपशीर्षकाचे तयार चित्र करून ते स्वतंत्र संचिकेतूनच पाठवता येते, नियमात तशी सोय आहे. परंतु त्याला श्रम पडतात. म्हणून मराठी अक्षरे चित्रातच मुरवून टाकणे हा सोपा मार्ग पत्करला जातो. परिणामी महोत्सवात एखादा इराणी किंवा फ्रेंच चित्रपट मराठी उपशीर्षकांसह दाखवावयाचा असेल, तर आधीच मुरलेल्या इंग्रजी ओळीवर मराठी ओळ चढते किंवा पडद्याखाली वेगळी पट्टी लावावी लागते. इंग्रजीला समास मिळाला आणि मराठीला ओळीतच घुसावे लागले. ज्या लिपीत पाठभेदांची सर्वांत सूक्ष्म चिकित्सा झाली, तिच्याच वाट्याला यंत्रघरात नकलकाराची घाई यावी, यात यंत्राचा दोष थोडा आहे. मराठी उपशीर्षकांची अक्षरचित्रे करण्याची एक सर्वांना उपलब्ध पद्धत विद्यापीठांच्या भाषाविभागांनी व मुद्रणतज्ज्ञांनी मिळून सिद्ध केली असती, तर तळेगावच्या किंवा लोणावळ्याच्या चित्रपटगृहात इंग्रजी चित्रपट मराठीत वाचणे ही आजच साधी बाब झाली असती.